सॅलरी, पे आणि आपला पगार: इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ शोधायचं कसं

महिन्याच्या एक तारखेच्या आसपास व्हॉट्सॲपवर एक मेसेज हमखास फिरत येतो, की जुन्या काळी रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ द्यायचे, लॅटिनमध्ये मिठाला 'साल' म्हणतात आणि त्यावरून 'सॅलरी' शब्द आला. मी पण बरीच वर्षं हे खरं मानत होतो आणि चार लोकांना सांगितलंही होतं. आपल्याला ही गोष्ट पटकन पटते त्याला कारण आहे, आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, नमकहराम ही मोठी शिवी आहे, त्यामुळे मीठ आणि नोकरीचं नातं आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. पण गोष्ट मनाला पटणं वेगळं आणि ती खरी असणं वेगळं, आणि ह्या गोष्टीतला अर्धा भाग खरा आहे, अर्धा नंतर कोणीतरी जोडलेला आहे. कुठला अर्धा कुठला, हे शोधताना मी जी पद्धत शिकलो ती इथे पायरी पायरीने लिहितोय. लॅटिन यायला पाहिजे अशी अट नाही, मोबाईल, एक वही आणि थोडा पेशन्स एवढं पुरतं.

पायरी १: शब्द आणि आजचा अर्थ लिहून घ्या

हे दोन मिनिटांचं काम आहे पण टाळू नका. सॅलरी म्हणजे ठरलेल्या मुदतीने, बहुतेक महिन्याला मिळणारा मोबदला. रोजंदारीला इंग्रजीत वेज म्हणतात, सॅलरी म्हणत नाहीत. हा फरक लिहून ठेवा, पुढे कामाला येतो. स्पेलिंगही लिहा, कारण मूळ शोधताना उच्चारापेक्षा स्पेलिंग जास्त सांगतं, इंग्रजी स्पेलिंग म्हणजे जुन्या उच्चाराचा सांगाडाच असतो.

पायरी २: कोशातली नोंद नीट वाचायला शिका

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीसाठी एटिमऑनलाईन ही साइट फुकट आहे आणि नवीन माणसाला सोपी आहे, मी अजूनही सुरुवात तिथूनच करतो. ऑक्सफर्डचा मोठा कोश सगळ्यात भरवशाचा, त्यात शब्द पहिल्यांदा लेखी कुठे सापडला ते वर्षासकट आणि उदाहरणासकट देतात, पण त्याला पैसे पडतात, तुमच्या कॉलेजच्या किंवा मोठ्या लायब्ररीच्या खात्यातून उघडतोय का ते विचारून बघा. विक्शनरी पण वापरा, फक्त एकट्या तिच्यावर थांबू नका.

नोंदीत खूप आखूड अक्षरं दिसतील, ओएफ म्हणजे ओल्ड फ्रेंच, एमई म्हणजे मिडल इंग्लिश, एल म्हणजे लॅटिन, पीआयई म्हणजे प्रोटो-इंडो-युरोपियन, म्हणजे लॅटिन, इंग्रजी, संस्कृत अशा भाषांची मानली जाणारी मूळ भाषा. शेवटच्या प्रकारातल्या शब्दांच्या आधी एक तारा काढलेला असतो. ह्या ताऱ्याचा अर्थ समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. तारा म्हणजे हा शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, बऱ्याच भाषा शेजारी शेजारी ठेवून अभ्यासकांनी तो बांधून काढलाय. ते काम शास्त्रशुद्ध असतं, त्याला नियम असतात, पण तो पुरावा आणि शिलालेखातला शब्द हा पुरावा एकाच वजनाचे नाहीत.

अजून एक जागा जिथे नवीन माणूस हमखास चुकतो. एकाच स्पेलिंगच्या दोन नोंदी असतात. 'पे' म्हणून शोधलं की एक पैसे देण्याचा पे सापडतो, आणि एक जहाजाच्या फळ्यांच्या फटीत डांबर भरण्याचा पे सापडतो! दुसरा लॅटिनमधल्या डांबराच्या शब्दावरून आलाय, त्याचा पैशाशी काहीही संबंध नाही. नोंदीचा नंबर आणि अर्थ बघून मगच पुढे जा.

पायरी ३: साखळी उलटी लिहा, आणि प्रत्येक कडीला काळ लिहा

आजच्यापासून मागे जायचं. सॅलरी ← मध्ययुगीन इंग्रजीत 'सालारिए', साधारण तेराव्या शतकाची अखेर ते चौदावं शतक ← इंग्लंडमधल्या नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमध्ये जवळपास तेच रूप ← लॅटिन 'सालारियुम', जे मोबदला ह्या अर्थी इसवी सनाच्या पहिल्या शतकात दिसतं.

मध्ये फ्रेंच का आली असा प्रश्न पडला पाहिजे. १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार, कोर्टकचेऱ्या, हिशेब ह्यात फ्रेंच आणि लॅटिन चालायची, इंग्रजी बोलणारा शेतात राबायचा. म्हणून इंग्रजीत पैसा, कायदा, सरकार ह्यातले ढीगभर शब्द फ्रेंचमार्गे लॅटिन आहेत. आपल्याकडे कारभारातले शब्द फारसीतून आले, जमीन, वसूल, अर्ज, दप्तर, तसंच हे. राज्य ज्याचं, हिशेबाची भाषा त्याची.

साखळीत एखादी कडी शतकं सोडून उडी मारत असेल तर तिथे पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा, तिथेच बहुतेक वेळा बनावट गोष्टी घुसतात.

पायरी ४: लॅटिन शब्दाचे तुकडे करा

सालारियुम चे तुकडे सोपे आहेत. 'साल' म्हणजे मीठ. '-आरियुस' हा प्रत्यय, म्हणजे 'त्याच्याशी संबंधित', आपल्या '-इक' किंवा '-विषयक' सारखा. शेवटचा '-उम' नपुंसकलिंगाचा. थोडक्यात 'मिठासंबंधीचं (काहीतरी)', आणि ते काहीतरी म्हणजे पैसे.

तुकडे बरोबर पडलेत का हे तपासायचं तर त्याच साच्यातले दुसरे शब्द शोधा. अक्वेरियम, 'अक्वा' म्हणजे पाणी. ऑनरेरियम, 'होनोर' म्हणजे मान, आणि ह्याला आपण मराठीत मानधन म्हणतो, अगदी चपखल झालंय ते भाषांतर! म्हणजे ऑनरेरियम हे मानधन, तर सालारियुम हे शब्दशः 'मीठधन'. साचा जुळला, तुकडे बरोबर. इथपर्यंत व्हॉट्सॲपवाला मेसेज खरा आहे, सॅलरीत मीठ आहेच.

पायरी ५: शब्दाचे तुकडे आणि शब्दाची गोष्ट वेगळी ठेवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. शब्द कशापासून बनला हे एक, आणि तो तसा *का* बनला हे दुसरं. पहिल्याचा पुरावा भाषेत मिळतो, दुसऱ्याचा त्या काळच्या लिखाणातच शोधावा लागतो. त्यामुळे 'सैनिकांना मीठ द्यायचे' ह्यासाठी रोमन लोक स्वतः काय म्हणतात ते बघायला पाहिजे.

मिठाबद्दल भरपूर लिहिणारा प्राचीन माणूस म्हणजे रोमन लेखक थोरला प्लिनी, तोच जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला. त्याच्या निसर्गविषयक मोठ्या ग्रंथाच्या एकतिसाव्या भागात तो लिहितो की मिठाचा संबंध मानमरातबाशी आणि लष्करी सेवेशीही येतो आणि सालारियुम हे नाव त्यावरून पडलं, आणि पुढे रोमच्या 'सालारिया' रस्त्याचं उदाहरण देतो, की ह्या वाटेने रोमच्या शेजारच्या साबाइन लोकांकडे मीठ जायचं. (हा रस्ता आजही आहे, रोमपासून रिएटी आणि आस्कोली वरून एड्रिआटिक किनाऱ्याला जातो, नाव तेच.) नीट वाचा, प्लिनीने संबंध सांगितला, पण सैनिकाच्या ओंजळीत मीठ टाकलं असं कुठेही म्हटलेलं नाही. आणि दुसरा कुठला प्राचीन लेखकही तसं म्हणत नाही.

मग सैनिकांच्या पगाराला काय म्हणायचे? 'स्तिपेंदियुम'. ह्यात 'स्तिप्स' म्हणजे नाणं किंवा देणगी आणि 'पेंदेरे' म्हणजे तोलणं, म्हणजे तोलून दिलेला पैसा. पीएचडी करणाऱ्या मुलांना मिळणारा स्टायपेंड तो हाच. सम्राट ऑगस्टसच्या काळात लीजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मुख्य तुकडीतल्या, साध्या सैनिकाला वर्षाला २२५ दिनारी मिळायचे, पुढे सम्राट डोमिशियनने ते ३०० केले. चांदीची नाणी, मीठ नाही.

आणि ह्याहून भारी पुरावा आहे. इजिप्तच्या कोरड्या हवेत एक पपायरस टिकून राहिला, इसवी सन ८१ च्या सुमाराचा, आता तो जिनिव्हात आहे, त्यात दोन रोमन सैनिकांचा वर्षभराचा हिशेब आहे. एकेक हप्ता २४८ द्राख्माचा (द्राख्मा हे तिथलं नाणं), आणि त्यातून कपात बघा, जेवणाचे ८०, गवताचे १०, बूट आणि मोज्यांचे १२, शिवाय सॅटर्नेलियाच्या सणाची वर्गणी! दोन हजार वर्षांपूर्वीची सॅलरी स्लिपच म्हणा ना. ती वाचताना मला फार जवळचं काहीतरी वाटलं, कुठल्या तरी छावणीत एक पोरगा हप्ता घेऊन उभा आहे आणि हातात किती उरले ते मोजतोय. त्या यादीत मिठाचं नाव नाही, ना पगाराच्या बाजूला ना कपातीच्या.

सालारियुम मग कोणाला मिळायचा? रोमन इतिहासकार टॅसिटसने आपले सासरे अग्रिकोला ह्यांच्यावर लिहिलंय त्यात आहे, की प्रांताच्या गव्हर्नरला जो सालारियुम द्यायची पद्धत होती तो डोमिशियनने अग्रिकोलाला दिला नाही. सम्राटांची चरित्रं लिहिणारा सुएटोनियस सांगतो की सम्राट नीरोने खानदानी पण गरिबीत गेलेल्या सिनेटरांना वर्षासन बांधून दिलं, तिथेही हाच शब्द. म्हणजे सुरुवातीपासूनच हा शब्द मोठ्या अधिकाऱ्याच्या, ठरलेल्या मुदतीच्या भत्त्यासाठी दिसतो. पायरी १ मध्ये लिहिलेला वेज आणि सॅलरीचा फरक आठवा, तो फरक किती जुना निघाला बघा.

मीठवाली गोष्ट पसरली कशी ह्याचा एक धागा कोशातच सापडतो. लुईस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा लॅटिन-इंग्रजी कोश आजही सगळे वापरतात, टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस साइटवर फुकट आहे, त्यात सालारियुमचा मूळ अर्थ 'सैनिकांना मिठासाठी दिलेले पैसे' असा दिलाय. हा शब्दाच्या तुकड्यांवरून बांधलेला अर्थ आहे. पुढे सांगणाऱ्यांनी 'मिठासाठी पैसे' चं 'पैशाऐवजी मीठ' केलं, आणि तीच गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. म्हणून नियम एकच ठेवा, कोश मोठा असला तरी त्याने खाली दिलेले प्राचीन उतारे उघडून बघायचे, अनुवाद बहुतेकांचे नेटवर मिळतात.

ह्याच गोष्टीची एक बहीण फिरते, की 'सोल्जर' शब्द 'मीठ देणे' वरून आला. साफ चूक. सोल्जर आलाय 'सोलिदुस' वरून, ते रोमन साम्राज्याचं सोन्याचं नाणं, सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला पाडलेलं. त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पगाराला शब्द झाला आणि पगार घेऊन लढणारा तो सोल्जर.

पायरी ६: वंशज आणि भावंडं ओळखा

आता तुम्ही म्हणाल सॉल्ट पण लॅटिन साल वरूनच आला असणार. नाही! सॉल्ट हा इंग्रजीचा स्वतःचा, घरचा जर्मानिक शब्द आहे, म्हणजे इंग्रजी, जर्मन ह्या भाषांच्या कुळातला. साल आणि सॉल्ट भावंडं आहेत, दोघांचा पूर्वज एक, पण एक दुसऱ्याच्या पोटचा नाही. ह्याउलट सॅलड, सॉस, सॉसेज, सलामी हे सगळे लॅटिन साल चे खरे वंशज, सगळ्यात खारवलेलं काहीतरी आहे.

आणि नुसतं सारखं दिसतं म्हणून नातं जोडू नका. इंग्रजी 'डे' आणि लॅटिन 'दिएस', दोन्हीचा अर्थ दिवस, दोन्ही 'द'सारखे सुरू होतात, तरी नातं नाही. उलट त्या दिएसचं नातं आपल्या 'दिवस'शी आहे. इंग्रजी 'हॅव' आणि लॅटिन 'हाबेरे' ही तशीच फसवी जोडी. नातं ठरतं ते नियमित ध्वनिबदलावरून, आणि म्हणून पुढची पायरी.

पायरी ७: ध्वनीचा नियम शोधा

इथे मी उदाहरण बदलतो, कारण ह्यासाठी 'पे' सारखा शब्द नाही. पे आलाय जुन्या फ्रेंच 'पाइए' वरून, आणि तो लॅटिन 'पाकारे' वरून. पाकारे म्हणजे शांत करणं, 'पाक्स' म्हणजे शांतता, इंग्रजी पीस पण तिथलाच. पैसे देणं आणि शांत करणं ह्यांचा संबंध कसा, तर देणेकऱ्याने पैसे चुकते केले की घेणेकरी शांत होतो, मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये पाकारेचा हाच अर्थ झाला. इंग्रजीतही पे चा सुरुवातीचा एक अर्थ खूश करणं, समाधान करणं असा होता.

पण पाकारेतला 'क' गेला कुठे? एक शब्द बघून कळणार नाही, चार-पाच शब्द ओळीने मांडा. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला लॅटिन 'क' पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये 'ग' होतो आणि फ्रेंचमध्ये बऱ्याचदा झिजून जातो. 'आमिकुस' म्हणजे मित्र, पोर्तुगीजमध्ये आमिगो, फ्रेंचमध्ये आमी. 'सेकुरुस' म्हणजे निर्धास्त, पोर्तुगीजमध्ये सेगुरो, फ्रेंचमध्ये स्यूर, तिथून इंग्रजी शुअर.

आणि सिक्युअर? तो पण त्याच सेकुरुसचा, फक्त पंडितांनी नंतर थेट लॅटिन पुस्तकातून उचललेला, म्हणून त्यात 'क' शाबूत आहे. मराठी माणसाला हे समजायला काहीच त्रास नाही, आपण शाळेत तद्भव आणि तत्सम शिकलोय. हात आणि हस्त, दूध आणि दुग्ध, काम आणि कर्म, तसेच शुअर आणि सिक्युअर. इंग्रजीतला लॅटिन शब्द समोर आला की पहिला प्रश्न हाच विचारा, हा झिजलेला आहे का कोरा? झिजलेला असेल तर फ्रेंचची वाट शोधा.

आता नियम लावा. लॅटिन पाकारे, फ्रेंचमध्ये क झिजला, पे झाला. पोर्तुगीजमध्ये क चा ग झाला तर काय होईल? 'पागार'!

हो, आपला पगार. पोर्तुगीजमध्ये 'पागार' म्हणजे पैसे देणं. पे आणि पगार चुलत भावंडं आहेत, एक नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडला गेला, दुसरा गलबतांतून कोकण किनाऱ्याला लागला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो, इतका घरचा, इतका मराठी वाटणारा शब्द, आणि त्याच्या पोटात पाक्स, रोमन शांततेची देवी.

पायरी ८: मराठीतली वाट इतिहासाशी ताडून बघा

आवाज जुळले म्हणून लगेच टाळ्या नकोत, आता विचारा की शब्द यायला वाट होती का. होती. गोवा १५१० ते १९६१ पोर्तुगीजांकडे, वसई १५३४ पासून चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेईपर्यंत, चौलला त्यांचं ठाणं, मुंबई इंग्रजांकडे जायच्या आधी त्यांचीच. किल्ले, गोद्या, गलबतं, चर्चची बांधकामं, सगळीकडे इथली माणसं मोबदला घेऊन काम करत होती, तेव्हा शब्द येणारच. आणि तो एकटा आलेला नाही, पाव, चावी, पाद्री, नाताळ असे सोबती आहेत, हीसुद्धा एक कसोटी आहे, उसना शब्द सहसा टोळीने येतो.

मराठी बाजू तपासायला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या साइटवर फुकट शोधता येतात. कृ. पां. कुलकर्णींचा मराठी व्युत्पत्ति कोश (१९४६) जुन्या लायब्ररीत मिळतो. आणि पोर्तुगीजमधून आशियाई भाषांत गेलेल्या शब्दांवर सगळ्यात मोठं काम एका गोंयकाराने केलंय, मोन्सिन्योर सेबास्तियाँव रोदोल्फो दाल्गादो, त्यांचा ग्रंथ १९१३ मध्ये पोर्तुगालमध्ये कोइंब्राला छापला गेला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघालं. आपल्याकडे ह्या माणसाचं नाव अजून कितीतरी जास्त माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पायरी ९: वहीत नोंद करताना तीन रकाने करा

पहिल्यात जे लेखी सापडतं ते, दुसऱ्यात जे नियमाने बांधलंय ते (ताराचिन्हवालं), तिसऱ्यात ज्या गोष्टी लोक सांगतात त्या. सॅलरीची माझी नोंद अशी आहे: पहिल्या रकान्यात साल, सालारियुम, प्लिनी, टॅसिटस, मध्ययुगीन इंग्रजी. दुसऱ्यात सॉल्ट आणि साल चा एक पूर्वज. तिसऱ्यात सैनिकांचं मीठ. आणि तिसऱ्या रकान्यातली ओळ खोडू नका, कारण कोणीतरी परत विचारतंच, तेव्हा ती कुठून आली हे सांगता आलं पाहिजे.

सरावाला पहिला शब्द 'कंपनी' घ्या. एटिमऑनलाईनवर उघडा, तुकडे करा, पहिला तुकडा 'सोबत' ह्या अर्थाचा निघेल, दुसऱ्यात लॅटिन 'पानिस' सापडेल, म्हणजे भाकरी, एकत्र भाकरी खाणारे ते कंपनी. मग पानिसची पोर्तुगीज वाट धरा आणि बघा वडापावातल्या पावापर्यंत पोचताय का. ते जमलं की 'तुरुंग' घ्या, तो जरा अवघड आहे, त्यासाठी झाडाच्या बुंध्याला लॅटिनमध्ये काय म्हणतात आणि कैद्याचे पाय कशात अडकवायचे, इथून सुरुवात करा.